ओल्या कोनचा वास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच. दादाला जाऊन आज अठरावा दिवस. सुरतेत, डिंडोलीच्या त्याच्या खोलीत बसून लिहितोय, एकेक वाक्य खोडत.

आधी वाइनबद्दल सांगतो; ते सोपं आहे. मी नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन पारखायला शिकवायचो. ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा, रंग बघा. हलकेच फिरवा, वास घ्या. मग एक घोट — आणि गिळल्यावर चव तोंडात किती वेळ रेंगाळते ते पाहा. हे सगळं मी पुस्तकांतून शिकलो. पुस्तकं कुणी घेऊन दिली? दादानं. इथल्याच नवागामच्या लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, बारा-बारा तास उभं राहून.

आणि दादाचं नाक — कसं सांगू? सुताचं खोकं आलं की सेठ त्याला हाक मारायचा. दादा बंद खोक्याला नाक लावायचा आणि आतले कोन भिजलेत की नाही ते सांगायचा. कोन म्हणजे सूत गुंडाळायचा पुठ्ठ्याचा निमुळता नळा. एकदा भिजला की वाळल्यावरही त्याला कोंदट वास राहतो. मला तो खोकं उघडूनही यायचा नाही. लहानपणी वाटायचं, हा माणूस भिंतीपलीकडचंही हुंगू शकेल.

एकदा तो वायनरी बघायला आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या दिवशी सुरतचेच सात-आठ पाहुणे होते. त्यांच्यासाठी एक जुनी बाटली मी स्वतः निवडली होती, आणि ओतण्याआधीच तिची भरपूर तारीफ करून बसलो होतो. दादाची ओळख मी करून दिली नाही. का? शर्ट पांढरा होता, पण नखांत लूमचं काळं तेल होतं — म्हणून.

ग्लास त्याच्याही हाती आला. त्यानं तो खिडकीच्या उजेडासमोर धरला, कापडातला दोष बघतात तसा. हुंगला. पुन्हा हुंगला. मग आमच्या अहिराणीत, हळूच, जणू माझीच अब्रू सांभाळत म्हणाला, "बापू, याले वल्ला कोनना वास ई राहिना." ओल्या कोनचा वास येतोय म्हणे.

शेजारच्या पाहुण्यानं त्यातलं 'कोन' तेवढं ऐकलं. "कयो कोन, काका? आइस्क्रीमनो?"

हशा पिकला.

मी ग्लास नाकाशी नेला. आणि — खरंच, तोच कोंदट वास. बुचाला कधी कधी एक दोष लागतो, त्यानं वाइन बिघडते. पुस्तकांत त्या वासाचं वर्णन ठरलेलं: ओला पुठ्ठा. मी ते कितीदा वाचलं होतं, नाकानं एकदाही ओळखलं नव्हतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा वाइन हुंगणाऱ्या माणसानं ते दोन श्वासांत ओळखलं होतं. पुस्तकातला शब्द त्याला ठाऊक नव्हता. त्याच्याकडे त्याहून नेमका शब्द होता. देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं मला. खरंच वाटलं.

मग मी काय केलं? हसलो. आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं, माझ्या सख्ख्या भावाला म्हणालो, "काका, आपकी नाक में सूत भर गया है."

काका.

दादानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "हां साहेब," तो म्हणाला, "व्हई तसंच." आणि त्यांच्यासोबत तोही हसला.

संध्याकाळी ती बाटली मी मोरीत ओतली. वरिष्ठांना सांगितलं, दोष मी पकडला. त्यांनी पाठ थोपटली. पुढे नव्या मुलांना शिकवताना तो वास मी असा काही समजावून सांगायचो — ती थक्क व्हायची.

दादाला मात्र सांगितलं नाही. काय लागलं असतं? तू बरोबर होतास, दादा — एवढंच. पण शिकलेला भाऊ म्हणतो म्हणजे खरंच असणार, हे त्यानं धरलं. सेठला सांगून टाकलं, माझं नाक गेलं, आता खोकी उघडूनच बघत जा. वहिनी सांगते, बाजारात खरबूजसुद्धा तो हुंगेनासा झाला. अकरा वर्षं.

गेल्या महिन्यात तो अंथरुणावर होता. वहिनीनं दुधाचा पेला आणून दिला. त्यानं तो तोंडाजवळ नेला आणि थांबला. त्याच्या नाकपुड्या किंचित आक्रसल्या — मी पाहिलं. त्याला कळलं होतं. तरी त्यानं पेला माझ्यापुढे केला.

"तू देख बरं, बापू. मना नाकनं काही खरं नही."

मी हुंगलं. "नासलंय, दादा."

त्याचा चेहरा उजळला. "हुशार शे रे मना बापू," तो वहिनीकडे बघत म्हणाला.

खोलीत आम्ही तिघंच होतो. हसणारं कुणी नव्हतं. मी पेला खाली ठेवला, आणि ते कौतुकही घेतलं.