खाट सरकवा

गेल्या आषाढातला रविवार, सकाळ. हजर: माझे सासरे नाना, सासूबाई, गवंडी इसाकभाई आणि मी. गैरहजर: माझे यजमान. घरात वादाचं काम निघालं की त्यांना तुळजापूरला जावंच लागतं.

आदल्या दुपारी मधल्या खोलीतल्या छताचा गिलावा सुटून सासूबाईंच्या उशीवर पडला होता. त्या चहा टाकायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. परातीएवढा तुकडा मी नानांसमोर धरला. त्यांनी छताकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाट सरकवा की जरा."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नळदुर्गाहून हैदराबादपर्यंत जन्मभर ट्रक चालवलेला हा माणूस ढाब्यावर जेवणाआधी पाण्याचा कॅन भरून घ्यायचा. घरी नळ आला की भरल्या ताटावरून उठायचा. गच्चीवर, थेट स्लॅबवर, त्यांनी स्वतः विटांचा हौद बांधला होता. तो झिरपायचा, खाली छत फुगायचं, मग ओल्या स्लॅबलाच नवा गिलावा. सासूबाईंची खाट मात्र खिडकीपासून कपाटाशी, कपाटापासून देव्हाऱ्याशी फिरत राहिली.

"नाना, हौद फोडल्याबिगर म्या हात लावनार न्हाय," इसाकभाई म्हणाले.

"हौदानं काय केलंय तुझं? गिलावाच तुझा कच्चा."

"अवो, भिजून भिजून सिमेंट बी मरतंय!"

मी म्हटलं, "नाना, खाली अंगणात प्लॅस्टिकची टाकी बसवू. आईंच्या डोक्यावर छत पडतंय!"

"हौदाचं पानी उतारानं गल्लीत जातं, सूनबाई. अंगन खाली, गल्ली वर, टाकीतलं चढवनार कोन? मोटारीला लाइट असती का?"

खरं होतं. उन्हाळ्यात नळ रुसला की सगळी गल्ली त्या हौदाच्या नळीखाली घागरी घेऊन यायची. नाना खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "आधी बाळंतिणीची घागर! बाकीच्यांनी भांडा निवांत!"

पण पुण्य यांचं आणि पोपडे सासूबाईंच्या उशीवर! हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं. ते हसले. "मग तिलाबी अर्धं पुण्य लागलं की!" सासूबाई उशी झटकत होत्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. तो संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात नाना गेले. यंदा पावसाआधी मी अंगणात टाकी आणून ठेवली, इसाकभाईंना घण घेऊन बोलावलं, आणि पहिल्यांदा सासूबाईंना विचारलं, "आई, हौद फोडू ना?"

त्यांनी छताकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. तेवढ्यात नळाचा आवाज आला. गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

"आई, अहो, आज फोडायचाय तो!"

"भरू द्या एकडाव," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तवर खाट सरकवा की जरा."

खाट आता उंबऱ्याशी आली आहे. त्यापुढं अंगण, आणि अंगणात कोरी टाकी. घण जिन्याखाली पडून आहे. हौद फोडायचा राहिला आहे.