चावी विसरणारे गृहस्थ

"अरेच्चा, चावी विसरलो वाटतं!"

ऐंशी-नव्वदच्या काळात डोंबिवली पूर्वेला जागा घेतली असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असण्याची शक्यता आहे. बंद फ्लॅटच्या दारात उभं राहून हे गृहस्थ आधी शर्टाचा खिसा चाचपायचे, मग पँटचा, मग पुन्हा शर्टाचा. मग शेजारची बेल दाबून म्हणायचे, "वहिनी, ही मंडळी जरा बसू देत तुमच्याकडे. मी चावी घेऊन आलोच." आणि जिना उतरून समोरच्या टपरीवर निवांत चहा पीत बसायचे. चावी त्यांच्या पायमोज्यात असायची.

मला हे माहीत, कारण टपरी माझ्या टायपिंग क्लासच्या समोर होती आणि त्यांचं 'ऑफिस' क्लासला लागून असलेल्या जिन्याखाली. ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक खुर्ची. खुर्ची गिऱ्हाइकाची. स्वतः ते माझ्या क्लासच्या उंबऱ्यावर बसायचे आणि मुलींच्या टाइपरायटरच्या खडखडाटात जागांचे व्यवहार जुळवायचे.

"अहो, बिचारे लोक तिकडे ताटकळलेत," मी एकदा म्हटलं.

"ताटकळू देत की, बाई. भिंती सगळीकडे सारख्याच. शेजार बघू देत त्यांना."

एजंट म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे सफारी, पान आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटं' येतं. ती पाच मिनिटं कोणत्या वाहनाने, ते कोणी सांगत नाही. हे गृहस्थ मात्र गिरगावातून आलेल्या जोडप्याला तोंडावर सांगायचे, "चालत वीस मिनिटं. गुडघे दुखत असतील तर अर्धा तास. पाणी एक दिवसाआड. आता शेजारी बसा, मी चावी आणतो." गिऱ्हाईक आधी हबकायचं. पण शेजारच्या घरात लोटीभर पाणी, मग पोहे, मग कुठल्या तरी मावसबहिणीची ओळख निघाली, की चावी येईपर्यंत निम्मा सौदा झालेला असायचा.

पाणी कसं मिळतं, यावर त्यांचं एक शास्त्रच होतं. न मागता देणारे उत्तम. "कोण हवंय?" विचारून देणारे मध्यम. दाराची साखळी न काढता फटीतून पेला सरकवणारे जिथे असतील, त्या मजल्यावरची जागा ते विकायलाच घेत नसत.

जाहिरातीवर त्यांचा विश्वास नव्हता. त्याऐवजी ते दर महिन्याला माझ्याकडून एक सायक्लोस्टाइल पत्रक काढून घ्यायचे. त्यात घासलेट कधी येणार, कोणत्या गिरणीत दळण जाड येतं, दिवाळीचा फराळ कोण करून देतं, कोणाची मांजर हरवली, असलं सगळं. अगदी तळाशी बारीक अक्षरात, 'जागा हवी असल्यास जिन्याखाली भेटावे.' लोक ते पत्रक जपून ठेवायचे, आणि जागा हवी असली की जिन्याखाली यायचे.

असा हा माणूस, सबंध आळीला घरं देणारा, स्वतः मात्र अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत राहिला. लग्न केलेलं नव्हतं. एक ट्रंक आणि एक छत्री, एवढा संसार.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी टाइपरायटर अडगळीत गेले आणि मी क्लासात कॉम्प्युटर आणले. आमच्या जवळच्याच सोसायटीत एक बिल्डर जुन्या इमारतीला लागून नवी विंग बांधत होता. त्याला वेबसाइट हवी होती. म्हणजे नक्की काय हवं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. त्याने एक चित्र दिलं. निळ्याशार तलावात गोरी बाई पोहते आहे. आमच्याकडे तेव्हा बादलीभर पाण्यासाठी मारामारी.

"आणि ते परिसराविषयी काहीतरी टाका," बिल्डर म्हणाला. "एक पान रिकामं दिसतंय."

ते पान या गृहस्थांनी मला सांगितलं आणि मी टाइप केलं. मराठी अक्षरं दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर धड दिसायची नाहीत, म्हणून त्या पानाचं चित्र करून चढवलं. मजकूर साधारण असा होता:

'तळमजल्यावर वत्सलाबाई. ही सगळी जमीन त्यांच्या घरची भातशेती होती, त्यामुळे त्या अजून सर्वांना पाहुणे समजतात. बोंबील तळतात तेव्हा वास गच्चीपर्यंत जातो. चालत नसेल त्यांनी दुसरीकडे पाहावे. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा भांडखोर आहेत. पण कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर चपला न घालता धावतात. पहाटे कारखान्यांचा वास येतो. सवय होते. सेक्रेटरी कडक आहेत. जिना स्वच्छ आहे.'

बिल्डरने वाचलं नाही. वाचलं ते परदेशातल्या मुलांनी, आईवडिलांसाठी जागा शोधणाऱ्यांनी. एकाने अमेरिकेतून लिहिलं, 'तलाव नको. आमच्या बाबांना भांडायला कोणी उरलं नाही म्हणून ते खंगत चाललेत. अण्णांच्या जवळपास काही मिळेल का?'

नेमकी तेव्हाच, जुन्या इमारतीत वत्सलाबाईंच्या समोरची एक खोली-स्वयंपाकघर विकायला निघाली. गृहस्थ उंबऱ्यावर येऊन बसले. चहा घेईनात.

"बाई, ती जागा मला हवीये. माझ्यासाठी."

"मग घ्या की!"

"सोसायटीने मेंबर करून घ्यायला हवं ना. एकटा पुरुष, त्यात एजंट. मीच अशा माणसाला तिथे दाखवलं नसतं." मग म्हणाले, "आता ट्रंक उचलवत नाही हो."

इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्याच आठवड्यात कोणाच्या तरी जावयाने ते पान छापून सेक्रेटरींच्या हातात दिलं. देव असा वेळेवर कधी आपल्या मदतीला येत नाही, पण जावई येतात.

सभा पार्किंगमध्ये भरली. मला आरोपी नंबर दोन म्हणून बोलावलं होतं. सेक्रेटरींनी पान मोठ्याने वाचलं. बोंबलांपाशी हशा पिकला, अण्णांपाशी सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"ही आपली बदनामी आहे," सेक्रेटरी म्हणाले. "साऱ्या जगात! आणि याच माणसाला आपण मेंबर करून घ्यायचं?"

गृहस्थ कोपऱ्यात छत्री धरून उभे होते.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एक वहिनी ताडकन उठल्या. मला वाटलं, झालं, आता संपलं.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याबद्दल यात काहीच कसं नाही? इतकी वर्षं यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे पोहे खाऊन गेली!"

"आमच्याकडेही बसवलेली," मागून कोणीतरी म्हणालं. "सरबत दिलेलं. एक ओळ नाही?"

मग जी रांग लागली! बदनामीतून आपण वगळलो गेलो, ही तक्रार घेऊन अर्धी इमारत उभी राहिली. सेक्रेटरी "शांतता, शांतता" ओरडत होते. अण्णांनी त्यांच्या हातातलं पान ओढून घेतलं आणि चष्मा वर करून वाचलं.

"भांडखोर लिहिलंय ते बरोबर आहे," ते म्हणाले. "चपलांचं कोणी बघितलं असेल असं वाटलं नव्हतं." आणि खाली बसले.

शेवटी वत्सलाबाई पदर खोचून पुढे आल्या. "तुमाला सगल्यांना यानंच आनून बसवलंय ना आमचे शेतान? मंग यालाच कशाला बाहेर ठेवता?"

यावर मागून 'बरोबर आहे' असा गलका झाला. सेक्रेटरींनी अट घातली, यापुढे काही लिहायचं नाही. गृहस्थांना आता कुठे कंठ फुटला. "लिहिणार. पण आधी दाखवीन." ठराव मंजूर झाला.

ट्रंक आणि छत्री आत ठेवल्यावर त्यांनी बाहेर येऊन स्वतःच्याच घराची बेल दाबली. थांबले. परत दाबली.

"आत कोण आहे उघडायला?" मी म्हटलं.

"कोणी पाणी विचारत नाही बघा," ते म्हणाले. हसायला गेले, पण डोळे भरलेले होते. समोरच्या दारातून वत्सलाबाई तांब्या घेऊन आल्या.

घर त्यांना फार दिवस लाभलं नाही. एका दुपारी छातीत दुखायला लागलं. अण्णा अनवाणी धावले, रिक्षा आणली, पण उपयोग झाला नाही. मला फार वाईट वाटलं. अजूनही क्लासच्या उंबऱ्यावर दुसरं कोणी बसलं की मी त्याला उठवते.

मग त्यांच्या पुतण्याने जागा विकायला काढली. नवा एजंट टायवाला, कमरेला मोबाइल. गिऱ्हाईक आलं की हा चटकन कुलूप उघडतो, लाद्या दाखवतो, नळ सोडून दाखवतो. तोवर बाहेर सबंध जिना जमलेला असतो. अण्णा पाण्याच्या तक्रारी सांगतात, वत्सलाबाई बोंबलांचं सांगतात, सेक्रेटरी स्वतःविषयी सांगतात. त्या जागेत ऐरागैरा कोणी यायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं. जागा पडून राहिली.

परवा तो एजंट जाहिरात टाइप करून घ्यायला माझ्याकडे आला. रडकुंडीला आला होता. "मॅडम, लोकेशन चांगलं आहे, लाद्या नव्या आहेत. चुकतंय कुठे?"

"जागा दाखवायला जाताना चावी नेता?"

"म्हणजे काय! नेहमी नेतो."

"पुढच्या वेळी विसरा," मी म्हटलं.

तो माझ्याकडे वेड्यासारखा पाहत राहिला. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायमोजे घातलेले होते.