साडूंनी पुसलेली फुलं

यंत्राशी अतिशय अदबीनं आणि माणसांशी अतिशय फटकळपणे वागणारा माणूस उभ्या सोलापुरात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. गावातल्या एका गिरणीनं मुंबईहून कुणीतरी वापरून टाकलेला एक छोटा कॉम्प्युटर आणला. छोटा म्हणजे दोन गोदरेज कपाटांएवढा. साडूंना त्याचं शिक्षण घ्यायला सहा महिने मुंबईला पाठवलं. परत आल्यावर ते ज्याला त्याला सांगत सुटले, "मी आता एडिटर शिकलोय." आमचे सासरे अक्कलकोटकडचे, साधे गृहस्थ. जावई वर्तमानपत्राचा संपादक झाला असं समजून काही वर्षं ते अभिमानानं फिरत होते, आणि दर दिवाळीला विचारत, "मग अग्रलेख कधी छापून येणार?"

तर हा एडिटर म्हणजे मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा एक प्रोग्राम होता. समोर टाइपरायटरसारखं यंत्र, त्याला कागदाचं लांबलचक भेंडोळं. एकेक अक्षर म्हणजे एकेक हुकूम. पण साडूंचा जीव जडला होता तो त्याच्या दुसऱ्याच गुणावर. असे पाच-पन्नास हुकूम एकापुढे एक लावून आपला स्वतःचा एक नवा हुकूम तयार करता येई, आणि तो यंत्राच्या मूळ व्यवस्थेकडून, म्हणजे सिस्टिमकडून, कामं करवून घेई. "एडिटरला स्वतःला काय बी येत न्हाय बघा, गुरुजी," ते मला समजावत. मी शाळेत मराठी शिकवतो म्हणून मी गुरुजी. "फाइल उघडायची, साठवायची, पुसायची, दुसरा प्रोग्राम चालवायचा, साधं घड्याळात किती वाजले ते बघायचं, तरी त्याला खाली सिस्टिमला इचारावं लागतं. सिस्टिम काम करती आणि जबाब देती. लई शिस्तीचं काम हाय." हे सगळं ते इतक्या आदरानं सांगत, की आमची अक्का, म्हणजे माझी मेहुणी, स्वयंपाकघरातून म्हणे, "त्या सिस्टिमला म्हणावं, येताना कोथिंबीर आण."

कॉम्प्युटरची खोली थंड ठेवावी लागे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात तेवढी एकच जागा माणसाला राहण्यालायक असायची. त्यामुळे मंगळवेढ्यापासून सगळ्या नातेवाइकांना अचानक विज्ञानाची गोडी लागली. एक आतेसासरे 'कॉम्प्युटर बघायला' म्हणून आले आणि खुर्चीत साडेतीन तास घोरत पडले. जागे झाल्यावर म्हणाले, "भारी हाय की यंत्र." साडूंनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि तोंडावर सांगितलं, "आता घरी जाऊन पंख्याखाली बघा."

माझ्या मेहुण्याच्या लग्नात आमंत्रणांची यादी साडूंनी हौसेनं यंत्रात घातली. यादीत नवऱ्याच्या मामांपैकी काही जणांच्या नावापुढं चुकून काका लागलेलं. साडूंनी एका दमात जिथं जिथं 'काका' असेल तिथं 'मामा' करायचा हुकूम सोडला. त्यावरून माझ्या बायकोनं निमूटपणे पाकिटं लिहिली, आणि काकासाहेब नावाच्या एका मानी गृहस्थांना मामासाहेब म्हणून आमंत्रण गेलं. ते लग्नाला आले, पण जेवले नाहीत. साडू त्यांची समजूत घालायला गेले ते असं, "तुमी रागवू नका. सिस्टिमची चूक न्हाय." त्यानंतर ते गृहस्थ अक्षताही न टाकता निघून गेले.

गिरणीच्या चादर खात्यात नक्षी काढणारे एक वृद्ध कारागीर होते. तेलुगू घरातले, सगळे त्यांना ताता म्हणत, म्हणजे आजोबा. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून ते फुलं, मोर, वेली काढत, आणि त्यावरून मागासाठी भोकांचे पुठ्ठे तयार होत. त्यांची नजर अधू व्हायला लागली, तेव्हा साडूंच्या मनानं घेतलं की ही नक्षी यंत्रात ठेवायची. कुणी सांगितलं नव्हतं. ताता शेजारी बसून घरं मोजायचे, साडू ठिपके आणि फुल्या टाइप करायचे. अर्धंच फूल लिहायचं. उरलेलं अर्धं साडूंचा हुकूम उलटं करून जोडायचा, आणि सिस्टिमला सांगून फाइल साठवून टाकायचा. माणसांवर खेकसणारा हा गृहस्थ तातांसाठी घरून दशम्या न्यायचा. चार महिन्यांत चाळीसेक नक्ष्या झाल्या. "आता हे कशाला जपता?" असं म्हणून साडूंनीच जुने कागद आणि झिजलेले पुठ्ठे रद्दीत घातले.

आणि एका दुपारी त्यांनी साफसफाईचा एक हुकूम लिहिला. आधी सगळ्या नक्ष्यांच्या नीटनेटक्या प्रती साठवायच्या, मग जुन्या सगळ्या पुसायच्या. मधली उत्तरं छापण्यात कागद वाया नको, म्हणून यंत्राला गप्प राहायला सांगितलं. डिस्कवर जागाच नव्हती. सिस्टिमनं दर प्रतीला इमानानं कळवलं, जागा नाही, लिहिता आलं नाही. हुकुमानं तो जबाब वाचलाच नाही. तो पुढच्या पायरीवर गेला आणि जुन्या सगळ्या पुसून आला. टेपवर दुसरी प्रत घ्यायची ती पुढच्या सोमवारी घेणार होते.

संध्याकाळी साडू माझ्याकडे आले. चहाची कपबशी तशीच बाजूला सारली. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं, गुरुजी. चाळीस वेळा सांगितलं. मीच ऐकलं न्हाय."

तातांना सांगायला एकट्यानं जायची त्यांची छाती होईना. आम्ही दोघं सायकलींवरून तातांच्या घरी गेलो. गल्लीभर मागांचा खडखडाट चाललेला. साडूंनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काहीही न लपवता. सिस्टिमचं नावही काढलं नाही.

"सगळी गेली?" तातांनी विचारलं.

"सगळी."

तातांनी भिंतीशी टेकवलेला पाट पुढे सरकवला. मग म्हणाले, "तू जेवला का?"

"न्हाय."

"जेव. उद्यापासून बसू."

पुन्हा बसले. या खेपेला ताता आठवणीतून सांगत होते, डोळे मिटून. तीन नक्ष्या काही केल्या आठवल्या नाहीत. एका फुलापाशी साडू अडले. म्हणाले, "ताता, मागच्या वेळी याला पाच पाकळ्या होत्या." ताता हसले. "मग आता सहा घाल. झाड काय दर वर्षी मोजून फुलतं?"

तेव्हापासून साडू बदलले. काही सांगितलं की समोरचा काय म्हणतो ते ऐकून घ्यायला थांबू लागले. अक्काला सुरुवातीला वाटलं, यांना बरं नाही.

ताता पुढे दोन वर्षांनी गेले. यंत्रही नंतर गिरणीतून हललं, त्याच्या जागी कुणी सुताची पोती रचली. आमच्याकडे त्या सहा पाकळ्यांच्या फुलांची एक चादर आहे. साडू मुक्कामाला आले की माझ्या बायकोनं त्यांना तीच द्यायची, असं ठरूनच गेलंय. मागच्या खेपेला सकाळी उठून बघतो, तर साडू चादर मांडीवर घेऊन एका फुलावरून बोट फिरवत बसलेले.

"पाचच होत्या," ते म्हणाले. "मला चांगलं आठवतंय."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. मी काय म्हणतो ते ऐकायला ते थांबले, मग चादरीची घडी घालता घालता म्हणाले, "पण हे बरं दिसतंय."