आसवं ओळखणारा शिंपी

आमच्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतला तंजावरी शिंपी नजरेनेच माप घेतो. "सार, कंबर दोन बोटं वाढली," असं तमिळ हेलाच्या मराठीत भर रस्त्यात सांगतो. त्या दिवशी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला सकाळपासून उलट्या-जुलाब होत होते आणि मी "उद्या पाहू" म्हणत होतो. दुपारी तिला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानाकडे निघालो, तर त्याने मशीन थांबवलं.

"सार, लेकरू रडतंय, पण आसू कुठं? आधी आस्पत्री!"

ते मला दिसलंच नव्हतं. त्यानेच रिक्षा अडवली, सोबत आला.

"अंगातलं पाणी पार आटलं होतं, वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. मी मान खाली घातली.

संध्याकाळी सलाइनची सुई काढताना मुलीने भोकाड पसरलं. गालांवरून धारा लागल्या. शिंपी वॉर्डभर ऐकू जाईल असा ओरडला, "रड, राणी, रड!"