तिनं हात आवरला

दोन्ही तळवे खसाखसा चोळायचे, ऊब स्वतःच्या गालाला लावून पाहायची आणि ओरडायचं, "आना बरं माह्या राजाले!" वरवट बकालमधली निम्मी पोरं तिच्या पायांवर आडवी होऊन तेलानं माखली. तुमच्याही गावात असेल अशी मालिशवाली.

मी तिथली नर्स. "जरा हलक्या हातानं" म्हटलं, की ती म्हणे, "सिस्टर, सुया तुम्ही टोचा, हाडं मले पाहू द्या."

मग माझ्या शेजारच्या चार दिवसांच्या मुलीच्या टाचांवर, काखेत पाण्याचे टपोरे फोड आले. आई रडून रडून अर्धी झाली. मी खामगावला न्यायला सांगितलं, पण सव्वा महिना बाळ घराबाहेर काढायचं नाही म्हणून आजी अडून बसली. मी शहाणी, तिला रोज न्हाऊ-माखू घालणाऱ्या मालिशवालीवरच तुटून पडले, "पाणी कढत घातलंत!"

ती दोन दिवस सोनाळ्याला लग्नाला गेली. आजीनं तितकंच गरम पाणी न चोळता नुसतं ओतून अंघोळ घातली. परत आल्यावर तिनं बाळ निरखलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "दोन दिवसांत नवा फोड नाही. जिथं माहा अंगठा फिरला, तिथंच हायेत. पाणी नाही सिस्टर, माह्या हातानंच होऊन राह्यलं हे. उठा, खामगावले चला!"

तिच्यापुढे आजीचं काही चाललं नाही. मला मात्र मान वर करवेना.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, दुर्मीळ आजार आहे. कातडीचे पदर अजून घट्ट धरत नाहीत, चोळलं की फोड येतात. वाढेल तशी बरी होईल, तोवर घासू नका.

मालिशवालीनं घरच्या कापसाची मऊ गादी शिवली. बाळ गादीसकट उचलायचं. कुणी गाल ओढायला गेलं, की ही कडाडायची, "हात मांग घे बे!" स्वतः रोज यायची आणि हात पदराखाली घेऊन बसायची.

चौदाव्या महिन्यात डॉक्टरांनी परवानगी दिली. तिनं तळवे चोळले. एकाच बोटानं टाचेला तेल लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीभर तिचा आवाज, "एकबी फोड नाही हो! एकबी नाही!" मी रस्त्यातच तिला मिठी मारली.

आता ती नाही. मुलगी शाळेच्या कबड्डी संघात आहे. चढाईला निघताना तळवे खसाखसा चोळते आणि अनवाणी टाचा मातीत रोवते. मी रेषेबाहेरून ओरडते, "आना बरं माह्या राणीले!"