ताईचा अंगठा

माझ्या कथांतल्या माणसांना साक्षात्कार फार होतात. अंबडच्या कारखान्यात हजेरी लावताना होतात, विंचूरच्या कांदा मार्केटात ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या होतात. एकदा तर मी म्हशीलाही साक्षात्कार घडवणार होतो. संपादकांनी हात जोडले म्हणून ती सुटली. शेवटच्या परिच्छेदात माणूस थबकतो, त्याला काहीतरी लख्ख दिसतं आणि कथा संपते. दुसऱ्या दिवशी तो काय करतो, हे कोणी मला विचारत नाही.

बक्षीस मात्र एकाच कथेला मिळालं. तिची हकिगत अशी.

वडील गेल्यावर सायखेड्याची दोन एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर करायची ठरली. ठरली म्हणजे मी ठरवली. त्यासाठी ताईने हक्कसोड लिहून द्यायला हवं होतं. आमच्याकडे बहिणी हिस्सा मागत नाहीत. मागितला तर माहेर तुटतं, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. तरी मी फोनवर म्हणालोच, "ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे गं."

ती सकाळच्या एस.टी.ने आली. रजिस्ट्री ऑफिसात फोटो निघाला, पण मशीन तिचा अंगठा घेईना. सासरी इतकी वर्षं कांद्याची पात कापून रेषाच झिजल्या होत्या.

"मावशी, पुसून ठेवा," ऑपरेटर म्हणाला.

तिने पदराला पुसून ठेवला. पुन्हा लाल दिवा.

"बघ, अंगठाबी नाय म्हनतोय," ती हसून म्हणाली.

मीही हसलो. मला उशीर होत होता. मी तिचा अंगठा माझ्या चिमटीत धरला आणि काचेवर जोर देऊन दाबला. हिरवा दिवा लागला.

कथेतल्या भावाला नेमका तिथंच साक्षात्कार होतो. तो झिजलेला अंगठा बोटांना लागतो, त्याला बहिणीचं सगळं आयुष्य दिसतं आणि तो कागद फाडून टाकतो. परीक्षकांचे म्हणे डोळे पाणावले. मला स्वतःला अंगठा दाबताना एकच गोष्ट लख्ख दिसली होती: यात कथा आहे. बाहेर तिला भजी खाऊ घातली. ती काहीतरी सांगत होती. मी शेवट जुळवत होतो.

यावरच थांबलो असतो तर लेखक कसला! भाऊबीजेला तिच्या घरी गेलो आणि साडीबरोबर ती कथा छापलेला दिवाळी अंक तिच्या हातात ठेवला. वर सही केली, 'प्रिय ताईस'. ती सातवी शिकलेली, कशाला वाचतेय, असा माझा हिशेब. मी पुरणपोळीवर तूप ओतून घेत असताना ती उंबऱ्यात बसून वाचत होती. ओळीखाली बोट फिरवत, शेवटपर्यंत.

"ह्यो भाऊ लय चांगला हाय रे," ती म्हणाली.

"अगं, कथा आहे ती."

"म्हाईत हाय मला. म्हनून तर चांगला हाय."

तिने अंक मिटून साडीवर ठेवला. मला आणखी एक पोळी वाढली, आग्रह करून. मी निघालो तेव्हा गाडीपर्यंत आली, काचेत वाकली.

"पुढच्या भाऊबीजेला तू नगं येऊ. त्यालाच धाड."

ती थट्टा करतेय असं समजून मी मोठ्यांदा हसलो. ती हसत नव्हती.

नाशिकला परतल्यावर वकिलाला विचारलं. जमीन अजून माझ्याच नावावर आहे, तिचा अर्धा हिस्सा परत लिहून देता येतो, एका दिवसाचं काम आहे, असं तो म्हणाला. त्या गोष्टीला दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही भाऊबीजांना मी गेलो नाही आणि तिचाही फोन आला नाही. तो एक दिवस मला अजून सापडत नाही. हे लिहायला मात्र सलग तीन सापडले.

हा मजकूर तिला दाखवणार नाही. एवढाच काय तो मला झालेला साक्षात्कार.