व्हिटबीत आलेली खडकीची काडतुसं

ज्युडा नवगावकर माझा धाकटा भाऊ, आणि काडतूस ओळखण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या ओंटारिओत नाही, लिहून घ्या. शिक्षण आम्हा भावांचं बेताचंच. पण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासण्यात त्याची जवानी गेली. पुढे तो कॅनडात आला, तर व्हिटबीत लोक आर्मी सरप्लसचा जुना माल ओळखायला त्याच्याच बेसमेंटमध्ये यायचे.

त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात, शुक्रवारी दुपारी, त्याचा दोस्त वसईचा डॉमनिक काडतुसांचा डबा घेऊन आला.

"बघ रे, स्वस्तात मिळाली. उद्या सकाळी फार्मवर रायफलचा नेम जुळवायचाय. चालतील?"

ज्युडाने एक उचललं. बुडावर KF, खडकीचा शिक्का! त्याला भरूनच आलं.

"अरे, ही माझ्या गावची! डोळे झाकून मार!"

"मग ठेव एक, नैवेद्याला!" डॉमनिक हसत गेला.

बायकोला दाखवायचं म्हणून ज्युडा ते काडतूस पुसत बसला. मळ निघाला तसा KF शेजारी G दिसला, ट्रेसरची खूण. टोकाला लाल रंगाचा ओरखडा. ज्युडाचा चेहराच उतरला. ही ट्रेसर गोळी, जळत जाणारी. आणि डॉमनिक नेम धरणार होता वाळक्या गवताच्या गठ्ठ्यांवर, पाठीमागे धान्याचं कोठार!

त्याने लगेच फोन केला. डॉमनिकची बायको ब्लांच म्हणाली, "ते रात्रीच्या ड्यूटीवर गेले, तिथे फोन नाही. सकाळी तिथनंच परस्पर फार्मवर जाणारेत."

आता सकाळी गाठायचं तर शब्बाथच्या दिवशी, म्हणजे आम्हा यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवायची. त्या दिवशी त्याने जन्मात कधी चालवली नव्हती. त्याची बायको शोशना शब्बाथच्या दिव्यात तेल घालत म्हणाली, "अहो, माणसं जळतील तिथे. देव गाडी बघेल की आग?"

सकाळी ज्युडा पोचला तेव्हा डॉमनिक रायफल भरत होता.

"थांब! ट्रेसर आहेत त्या!"

"कालच म्हणालास ना, डोळे झाकून मार?"

"डोळे मीच झाकले होते. गावचा शिक्का बघितला, बाकी काही बघितलंच नाही. चुकलं माझं."

डॉमनिकने गोळ्या काढून डब्यात टाकल्या. "बरं, चल आता घरी. गाडी काढ."

"येताना गरज होती. आता नाही." चावी तिथेच ठेवून ज्युडा व्हिटबीच्या रस्त्याला पायी लागला.

डॉमनिकने रायफल ट्रकमध्ये कुलपात ठेवली, आणि त्याला शिव्या घालत त्याच्या बरोबरीने चालू लागला.